काकांचं ऑफिस की दिल्लीचं लॉ सेंटर?

पत्र : ताई, मी इंदूरच्या सुदामानगरला राहते. यंदा बी.कॉम. झाले. दिल्ली विद्यापीठाच्या कॅम्पस लॉ सेंटरला तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी जागा मिळाली आहे आणि फी भरायला मोजके दिवस उरलेत. माझे काका इंदूरच्या जिल्हा कोर्टात जुने वकील आहेत. ते म्हणतात, "वकिली करायची इंदूरला, तर तीन वर्षं दिल्लीत कशाला घालवतेस? इथेच ॲडमिशन घे, संध्याकाळी माझ्या ऑफिसात बस." बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. त्यांचं म्हणणं, राजधानीच पाहिजे तर भोपाळ आहे की, चार तासांत घरी येता येतं. आई काही बोलत नाही, फक्त पेपरातल्या दिल्लीच्या बातम्या मोठ्यानं वाचते. मला जायचं आहे. मोठं नाव आहे, एक्स्पोजर मिळेल, तिथले लोक कुठल्या कुठे पोचतात. पण माझं सगळं शिक्षण हिंदी माध्यमातलं. इंग्रजी वाचून कळतं, बोलताना ततपप होतं. काका चुकीचे आहेत का? मी काय करू?
– अडकलेली

अगं अडकलेली,

जा. मुदत जवळ आलीय म्हणून उत्तर आधी दिलं, कारणं सावकाश वाच. तू जी तीन कारणं लिहिलीस, त्यांतल्या एकाहीसाठी मात्र जाऊ नकोस.

मोठ्या नावाचं आधी उरकू. दिल्ली विद्यापीठाचा विधी विभाग १९२४ पासूनचा, शंभरी ओलांडलेला. सरन्यायाधीश झालेले धनंजय चंद्रचूड आणि संजीव खन्ना हे दोघेही कॅम्पस लॉ सेंटरमध्ये शिकले. बाबांना हे सांगितलंस तर ते खूश होतील. पण सरन्यायाधीश झालेले शरद बोबडे नागपूर विद्यापीठातून एलएल.बी. झाले, हेही त्याच दमात सांग. अशा याद्या दोन्ही बाजूंनी हव्या तेवढ्या लांबवता येतात. तुझ्या पहिल्या पेशीला, म्हणजे सुनावणीच्या तारखेला, न्यायाधीश तुझं कॉलेज विचारणार नाहीत, फाइल तयार आहे का एवढंच विचारतील.

आता काका. तू विचारलंस, ते चुकीचे आहेत का. नाहीत. कायद्याच्या नजरेत दिल्लीची पदवी आणि इंदूरची पदवी यांत काडीचा फरक नाही. दोन्हींवर वकिलीची सनद तीच मिळते, १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टखाली. नोंदणीला सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला सगळ्या राज्यांच्या बार कौन्सिलना, म्हणजे वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थांना, बजावलं. त्यानंतरची ऑल इंडिया बार परीक्षा सगळ्यांना सारखीच. दिल्लीत शिकून मध्य प्रदेशच्या बार कौन्सिलकडे नोंदणी करता येते आणि एकदा नाव लागलं की देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहता येतं. म्हणजे पदवीच्या कागदासाठी दिल्ली गाठायची गरज नाही, हे काकांचं म्हणणं शंभर टक्के खरं.

त्यांचं दुसरं म्हणणंही खरं. वकालतनामा कसा भरतात, नकल (कागदाची प्रत) कधी आणि कुणाकडे मागायची, साक्षीदार कोर्टाच्या दारापर्यंत येऊन परत कसा जातो, मुंशीला (कारकुनाला) खूश ठेवलं नाही तर काय होतं, हे कुठलंच लॉ स्कूल शिकवत नाही. ते जिल्हा कोर्टात, जुन्या वकिलाच्या मागे फाइल धरून उभं राहूनच येतं. तुझ्या घरात असा माणूस आहे. दिल्लीत तुझ्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी मुलामुलींना असा काका नसेल आणि ते दारोदार ईमेल पाठवत इंटर्नशिप शोधत असतील.

मग जायचं कशाला? तिथली कोर्टं तुझ्या कॉलेजपासून मेट्रोच्या अंतरावर आहेत म्हणून. माझं कारण हे एकच.

नीट सांगते. तिथे पहिल्या सेमिस्टरला करार, टॉर्ट (नुकसानभरपाईचे दिवाणी दावे), फौजदारी, कौटुंबिक कायदा असे विषय येतात आणि शिकवण्याची पद्धत निकालांवर बेतलेली आहे. 'केस मटेरियल' नावाचे जाडजूड गठ्ठे हातात पडतात, त्यात निवडक निकाल असतात आणि वर्गात त्यांवर बोलायचं असतं. इंदूरच्या बाजारात मिळणाऱ्या गाइडांवर परीक्षा काढायची सवय असेल, तर पहिला महिना जड जाईल. पण हे सगळं कागदावरच राहतं. कागदातला कायदा आणि माणसांच्या तोंडचा कायदा एकाच दिवशी बघायची सोय राजधानीत आहे आणि ती तीन वर्षं वापरायची.

विश्वविद्यालय स्टेशनवरून पिवळ्या लाइननं काश्मिरी गेट, तिथून लाल लाइनवर पुढचंच स्टेशन तीस हजारी. हे दिल्लीचं जुनं जिल्हा कोर्ट. आपल्या जिल्हा कोर्टासारखीच गर्दी, तसेच टायपिंगवाले, तसाच पुकारा, फक्त पसारा कितीतरी मोठा. कोर्ट खुलं असतं, बंद दाराआड चालणारी काही प्रकरणं सोडली तर कुणीही मागे बसून ऐकू शकतं. तिथे जाऊन एक दिवाणी किंवा फौजदारी खटला निवड, ज्यात साक्षी चालू आहेत असा. त्याचा सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक खटल्याला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टिपून घे. ई-कोर्ट्सच्या ॲपवर त्या नंबरानं खटल्याची प्रत्येक तारीख आणि बहुतेक आदेश दिसतात. सेमिस्टरभर त्या एका खटल्याच्या मागे राहा. किती तारखा नुसत्याच पुढे गेल्या, कोणत्या कारणानं, उलटतपासणीत कोणता प्रश्न फुकट गेला आणि कोणत्या प्रश्नावर साक्षीदार गडबडला, हे वहीत लिही. पुराव्याचा कायदा वर्गात येईल तेव्हा तू त्याला आधीच भेटलेली असशील.

मग सर्वोच्च न्यायालय. राजीव चौकला लाइन बदलली की पुढे 'सुप्रीम कोर्ट' नावाचंच स्टेशन आहे. आत जायला पास लागतो आणि 'सुस्वागतम्' या पोर्टलवरून तो ऑनलाइन मिळतो. सोमवार आणि शुक्रवार हे प्रामुख्यानं नव्या प्रकरणांचे दिवस. दोन-दोन, तीन-तीन मिनिटांत प्रकरणं निघतात, नवख्याला काही समजायच्या आत पुढचा पुकारा होतो. तरी एखादा सोमवार जरूर बघ. दोन मिनिटांत न्यायाधीशांना थांबवून ऐकायला लावणं म्हणजे काय, हे तिथे कळतं. सविस्तर युक्तिवाद ऐकायचा तर आठवड्याच्या मधले दिवस बरे.

तू म्हणशील, हे तर घरबसल्या दिसतं. दिसतं खरं. घटनापीठाच्या सुनावण्या २७ सप्टेंबर २०२२ पासून थेट दाखवतात, आपल्या हायकोर्टाचंही प्रक्षेपण असतं. पण कॅमेरा न्यायाधीश आणि बोलणारा वकील एवढंच दाखवतो. बाहेरच्या व्हरांड्यात ज्युनिअर सीनिअरला पाच वाक्यांत प्रकरण कसं समजावते, कोणता कागद ऐनवेळी सापडत नाही, हरलेला पक्षकार वकिलाला काय विचारतो आणि वकील त्याला काय सांगतो, ते व्हरांड्यात उभं राहूनच दिसतं.

हे करणार नसशील, कॉलेज ते पीजी आणि पीजी ते कॉलेज एवढंच करणार असशील, तर काकांचं ऐक. तेवढ्यासाठी दिल्लीचं भाडं भरू नकोस. आणि हिंडायच्या नादात वर्गही सोडू नकोस. बार कौन्सिलचा नियम प्रत्येक विषयात ७० टक्के हजेरीचा आहे. त्यावर कोर्टकज्जे झालेत, पुढेही होतील. त्या भांडणात आपली सेमिस्टर पणाला लावायची नाही.

बाबांच्या भोपाळचं. भोपाळची नॅशनल लॉ इन्स्टिट्यूट युनिव्हर्सिटी चांगलीच संस्था आहे, पण तिथला पदवीचा मार्ग क्लॅट ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचा. बी.कॉम. हातात असताना पुन्हा पाच वर्षं कशाला? आणि राजधानी म्हणून म्हणशील तर आपल्या राज्याची गंमतच आहे. राजधानी भोपाळला, हायकोर्ट जबलपूरला आणि त्याची खंडपीठं इंदूरला आणि ग्वाल्हेरला. भोपाळला हायकोर्टाचं साधं खंडपीठही नाही. हरित न्यायाधिकरणाचं मध्य विभागाचं पीठ भोपाळला आहे, जिल्हा कोर्ट आहे, पण वकिलीच्या विद्यार्थिनीला बघण्यासारखं त्याहून जास्त आपल्या इंदूर खंडपीठात, एम.जी. रोडवर आहे. भोपाळसाठी इंदूर सोडणं मला तरी पटत नाही. बाबांना खरं तर तू चार तासांच्या अंतरावर हवी आहेस. तो मुद्दा मात्र कायद्याच्या शिक्षणाचा नाही, तो वेगळा बसून बोलायचा.

इंग्रजीचं भय मला पत्रात सगळ्यात मोठं दिसलं, तू शेवटी दोन वाक्यांत उरकलंस तरी. घटनेच्या ३४८ व्या कलमानं सर्वोच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं, त्यातून सुटका नाही. पण त्याच कलमात राज्यपालांना राष्ट्रपतींच्या पूर्वसंमतीनं हायकोर्टात हिंदीची परवानगी देता येते आणि मध्य प्रदेशात ती १९७१ पासून आहे. खालच्या कोर्टात तर साक्ष, जबाब, बहस, सगळं हिंदीतच चालतं. मोठ्या इंग्रजी शाळांतून आलेली मुलं पंचनाम्यातलं हिंदी वाचताना कशी घाम पुसतात ते तू बघशीलच. तुझं हिंदी ही कमतरता नाही, तेव्हा वर्गात पहिल्याच दिवशी त्याबद्दल माफी मागत फिरू नकोस.

तरी इंग्रजीला वेळ द्यावाच लागेल आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा इथे उपयोग नाही. वकिलाचं इंग्रजी निकाल वाचून येतं. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल ई-एससीआर या त्यांच्याच ऑनलाइन संग्रहात फुकट आहेत. रोज एक घे, छोटा घे, दहा पानांचा. घटना काय घडली, भांडण नेमकं कशावर, कोर्टानं काय ठरवलं आणि कशामुळे, एवढं सहा-सात ओळींत लिही, आधी हिंदीत किंवा मराठीत, मग त्याच ओळी इंग्रजीत. मग दार लावून मोठ्यानं वाच. रूममेट हसेल, हसू दे. मूट कोर्टात, म्हणजे कॉलेजातल्या लुटुपुटुच्या खटल्यात, पहिल्या वर्षीच नाव दे, हरण्यासाठी दे. ततपप सगळ्यांसमोर एकदा होऊन गेलं की त्याचा धाक कमी होतो. लांबलचक लॅटिन शब्दांच्या मागे लागू नकोस. साधं, छोटं, कर्ता-क्रियापद जागेवर असलेलं वाक्य बोलणाऱ्या वकिलाला न्यायाधीश जास्त वेळ ऐकतात, हे मी कोर्टात बसून सांगते आहे.

आता काकांकडे पुन्हा येते, कारण तू "काका की दिल्ली" असा जो पेच मांडलास तो मुळात पेचच नाही. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप लागते. एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही आणि खालच्या कोर्टात खटले चालवणाऱ्या तसंच अपिलं चालवणाऱ्या वकिलाकडे एकदा तरी केलीच पाहिजे. दिल्लीत सगळ्यांची धाव मोठ्या लॉ फर्मकडे असते. एसी ऑफिस, इन्स्टाग्रामवर फोटो, महिनाभर कुणाच्या तरी संशोधनासाठी निकाल शोधणं. तू पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात इंदूरला ये आणि चार आठवडे काकांच्या मागे फिर. पुतणी म्हणून नाही, इंटर्न म्हणून. त्यांना आत्ताच सांगून ठेव : "काका, मला चहा सांगायचं काम नको. एक दावा पहिल्या नोटिशीपासून माझ्याकडून लिहून घ्या आणि लाल पेननं दुरुस्त करून द्या." जुन्या वकिलाला असा लाल पेन हातात मिळाला की तो बाकीचं सगळं विसरतो. शिवाय नवे फौजदारी कायदे १ जुलै २०२४ पासून लागू झालेत. काकांच्या जिभेवर अजून जुन्या दंड संहितेचे ४२० आणि ३०२ असतील, तू न्याय संहितेची नवी कलमं शिकून येशील. त्या एका गोष्टीत तू त्यांच्या उपयोगाची आहेस. तिथून बोलणं बरोबरीचं व्हायला लागेल.

पैशाचं सगळ्यात स्पष्ट बोलायला हवं, कारण घरात बाबांची पेन्शन आहे. दिल्ली विद्यापीठाची फी खासगी लॉ कॉलेजांच्या मानानं कमी, पण खर्च फीचा नसतोच. होस्टेल मिळालं तर नशीब. नाही तर विजयनगर, हडसन लेन, कमला नगर, मुखर्जी नगर, या पट्ट्यात पीजी. फोनवरून, फोटो बघून ॲडव्हान्स पाठवू नकोस. बाबांना घेऊन दोन दिवस जा, पाणी किती वाजता येतं ते विचार, विजेचं युनिट घरमालक कोणत्या भावानं लावतो ते लिहून घे, डिपॉझिट परत कधी आणि काय कापून मिळणार तेही. करार शिकायला निघालीस, पहिला करार तरी वाचून सही कर.

हिशेब मात्र तीन वर्षांचा करू नकोस, पाच वर्षांचा कर. पदवीनंतरची पहिली काही वर्षं ज्युनिअर वकिलाच्या हातात फार काही पडत नाही. बार कौन्सिलनं ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरात महिना २० हजार आणि गावात १५ हजार स्टायपेंड द्यावा असं सुचवलं, पण ती सूचनाच आहे. किती सीनिअर ती पाळतात ते काकांनाच विचार, हसतील. ही वर्षं दिल्लीत काढायची तर भाडं चालूच राहतं, इंदूरला काढायची तर निदान घर आणि वरण-भात आहे.

म्हणून पुढे कुठे उभं राहायचं, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत ठरव. आत्ता ठरवायची घाई नको, पण तिसऱ्या वर्षावरही ढकलू नकोस. सर्वोच्च न्यायालयाची ओढ वाटली तर समजून घे की तिथे प्रकरण दाखल करायचं काम ॲडव्होकेट-ऑन-रेकॉर्डच करतो. त्यासाठी चार वर्षांची वकिली, मग अशाच एका वकिलाकडे वर्षभर प्रशिक्षण, मग परीक्षा आणि कोर्टापासून १६ किलोमीटरच्या आत स्वतःचं ऑफिस. तो रस्ता दिल्लीत बिऱ्हाड करण्याचाच आहे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल (पत्रात नाही, पण बी.कॉम.च्या मुलींच्या आयांच्या मनात हे हमखास असतं) तर सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालानं सिव्हिल जजच्या परीक्षेआधी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ती तीन वर्षं इंदूरला काकांबरोबर काढणं सगळ्यात शहाणपणाचं, कारण मध्य प्रदेशचे महसुली आणि भाडेकरूंचे कायदे तुला तिथेच भेटतील, दिल्लीच्या अभ्यासक्रमात नाही. आणि इंदूर खंडपीठात वकिली करायची असेल तर दिल्लीत तीन वर्षं ऐकलेले युक्तिवाद इथे रोज कामी येतील. मला विचारशील तर तुझ्यासाठी मी हाच रस्ता निवडेन. पण मी इंदूर सोडून फार दिवस कधी राहिलेली नाही, तेव्हा माझ्या या मताला थोडी सूट दे.

आईचं काय? तिच्याशी वाद घालू नकोस. कोणत्या पीजीत राहणार, गेट किती वाजता बंद होतं, शेजारच्या खोलीतल्या मुलीचा फोन नंबर, एवढं तिला लिहून दे. पहाडगंजला बृहन्महाराष्ट्र भवन आहे, तिथे एकदा तिला घेऊन जा. आपली माणसं दिसली की तिचा जीव निम्मा खाली बसेल. दिवाळीनंतर दिल्लीची हवा फार खराब होते, तुला दम्याचा त्रास असेल तर हे आधी डॉक्टरांशी बोल, नंतर नाही. आणि रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. दिवाळीचं तिकीट त्या दिवशी सकाळी आठला बसून काढलं नाहीस, तर माळवा एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट बघत बसशील.

या आठवड्यात दोनच कामं. बाबांसमोर पाच वर्षांच्या खर्चाचा कागद ठेव. त्यात तुझ्या बाजूनं काय कमी करता येईल तेही लिही आणि आकडा झेपणारा नसेल तर शैक्षणिक कर्जाचं व्याज धरून पुन्हा मांड. दुसरं, काकांना विचार, उद्या कोणत्या कोर्टात पेशी आहे, आणि सकाळी साडेदहाला तिथे हजर राहा. काका नाही म्हणणार नाहीत. संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "काय कळलं?" तर जे कळलं नाही ते आधी सांग.